विचारल्याने डोक्यात भरत नाही

"मूल उदास असलं तरी आत्महत्येचा विषय काढू नका, नसलेलं डोक्यात भरेल." पालक आणि शिक्षक हा सल्ला वर्षानुवर्षं एकमेकांना देत आलेत. ऐकायला शहाणपणाचा वाटतो. तपासल्यावर मात्र टिकला नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या ६ शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवरचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. दोन दिवसांच्या अंतराने दोनदा प्रश्नावली दिली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले होते; एका गटाला पहिल्याच वेळी आत्महत्येबद्दल थेट विचारलं, दुसऱ्याला नाही. प्रश्न विचारलेल्यांमध्ये ना अस्वस्थता वाढली, ना तसे विचार. ज्यांना आधीच नैराश्य होतं, ती मुलं तर उलट कमी अस्वस्थ दिसली.

अर्थात, विचारण्याचीही रीत असते. "तसलं काही मनात नाही ना?" या प्रश्नातच "नाही म्हण" अशी विनवणी दडलेली असते, आणि मुलं ती बरोबर ओळखतात. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारावं. उत्तर "हो" आलं तर उपदेश नको. ऐकून घ्या, एकटं सोडू नका, घातक वस्तू हाताशी ठेवू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.