किरणोत्सारी अवपात आणि पुण्यातील लोकचिंता

अणुवीज केंद्रातील अपघातात हवेत गेलेले किरणोत्सारी कण वाऱ्यासोबत दूर जातात आणि धुळीतून किंवा पावसातून जमिनीवर उतरतात. याला किरणोत्सारी अवपात म्हणतात. असा अपघात जगात कुठेही झाला, तरी पुण्यात पहिला प्रश्न अंतराचाच निघतो. सरळ रेषेत मोजले तर तारापूरचे अणुवीज केंद्र सुमारे १९० किमी, जैतापूरची नियोजित जागा २२० किमी आणि कर्नाटकातील कैगा ४०० किमी भरते. भारतात आणीबाणीच्या नियोजनासाठी केंद्राभोवती १६ किमीचे क्षेत्र धरण्याची पद्धत आहे. पुणे त्याच्या कितीतरी बाहेर आहे.

अवपात मात्र वर्तुळ आखून पडत नाही. तेव्हाच्या सोव्हिएत संघातील चेर्नोबिल अणुवीज केंद्राचा अपघात २६ एप्रिल १९८६ रोजी झाला. दोनच दिवसांनी हजाराहून अधिक किमीवरच्या स्वीडनमधील फोर्समार्क केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर ते कण सापडले. दूषित हवा वरून जात असताना जिथे पाऊस झाला, तिथे साठा जास्त बसला. वेल्समधील काही डोंगराळ भागांत मेंढ्यांवरचे निर्बंध २०१२ पर्यंत टिकले. पुण्यापुरते पाहिले तर वायव्येचा वारा मार्च ते मे महिन्यांत दुपारनंतर जोर धरतो, आणि तारापूर पुण्याच्या वायव्येलाच आहे, म्हणजे त्याच्या संदर्भात लक्ष ठेवायचे ते उन्हाळ्यात. पावसाळी वारे तारापूरची हवा नाशिकच्या अंगाने नेतील. दक्षिण कोकणातली, म्हणजे जैतापूरकडची हवा मात्र घाट चढून देशावर येईल.

दूरच्या शहराला सर्वांत आधी जपावे लागते ते दुधाला. आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी आयोडीन गवतावर बसते, गायीच्या पोटातून दुधात उतरते आणि मुलांच्या कंठस्थ ग्रंथीत (थायरॉईड) साचते. चेर्नोबिलनंतर असे दूध वेळीच थांबवले गेले नाही, आणि मुलांमधील कंठस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचे ते मुख्य कारण ठरले. उपाय गोठ्यातूनच सुरू होतो: जनावर बाहेर सोडायचे नाही, हिरवा चारा बंद करायचा आणि छपराखालचा जुना कडबा घालायचा. गंजी उघड्यावर असेल तर वरचा थर बाजूला काढून आतल्या पेंढ्या वापराव्यात. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे होण्याचा काळ, ८ दिवसांचे असते. दुधाची भुकटी करून ८० दिवस ठेवली तर त्यातले प्रमाण हजाराव्या हिश्शावर येते. अवपातातल्याच सिझियम-१३७ या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थाला ही युक्ती लागू नाही, कारण त्याचे अर्धायुष्य ३० वर्षांचे आहे. पाणी उकळूनही यातले काहीच जात नाही.

अफवा बहुधा आयोडीनभोवतीच फिरतात. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या अपघातानंतर चीनमध्ये मिठासाठी झुंबड उडाली, तर आशियात इतरत्र जखमेवरचे आयोडीन गळ्याला चोळा असे संदेश फिरले. किरणोत्सारी आयोडीन ग्रंथीत साचू नये म्हणून पोटॅशियम आयोडाइडची गोळी देतात; मीठ तिची जागा घेऊ शकत नाही. हिशेब साधा आहे. प्रौढाच्या १३० मिग्रॅ पोटॅशियम आयोडाइडच्या गोळीत १०० मिग्रॅ आयोडीन असते. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात ते ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम असावे असा नियम आहे. त्या दराने एका गोळीची भरपाई करायला साडेसहा किलोहून जास्त मीठ खावे लागेल, आणि त्याने माणूस दगावेल. गोळीचाही उपयोग होतो तो दूषित हवा येण्याच्या थोडे आधी किंवा नंतरच्या काही तासांत. ती मुले आणि गर्भवतींना सर्वांत गरजेची असते, चाळिशीपुढे तिचा लाभ कमी होतो आणि सिझियमवर ती काहीच करत नाही. प्रशासनाने सांगितल्याशिवाय घेऊ नये.

हौशी लोकांकडच्या किरणोत्सार मोजणाऱ्या मापकांमुळेही घबराट पसरते. पावसाची सर आली की हवेतल्या रेडॉन या नैसर्गिक किरणोत्सारी वायूपासून बनलेले शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ खाली येतात आणि मापकाचा आकडा चढतो. पावसाने भिजलेल्या गाडीचे बॉनेट कागदी रुमालाने पुसून तो मापकाला लावला तर टिकटिक स्पष्ट वाढते. रुमाल तसाच ठेवून दर दहा मिनिटांनी आकडा लिहावा. साधारण अर्ध्या तासात तो निम्म्यावर आला तर ते रेडॉनचे कण आहेत. दुसऱ्या दिवशीही आकडा चढाच राहिला तरच काळजीचे कारण आहे.

तरीही लोकांची चिंता अडाणीपणाची समजणे चूक आहे. चेर्नोबिलनंतर आयर्लंडहून आलेल्या लोण्याच्या विक्रीवरून महाराष्ट्रात वाद पेटला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, तिने ते लोणी निर्धोक ठरवले आणि १९८८ मध्ये याचिका फेटाळली गेली. शंका रास्त होती, म्हणूनच तिची तपासणी झाली. फुकुशिमात वाऱ्याच्या दिशेचे अंदाज वेळेवर लोकांपर्यंत पोचले नाहीत, आणि नामिए गावचे रहिवासी दूषित हवा ज्या बाजूला चालली होती त्याच बाजूला आसऱ्याला गेले. उलट घाईने हलवलेले अनेक वृद्ध रुग्ण त्या प्रवासात आणि त्यानंतर दगावले.

पुण्यात अशा प्रसंगी मदतीला येऊ शकणारे मनुष्यबळ जवळच आहे. सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी आहे आणि दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात किरणोत्सारी धोक्यांचे प्रशिक्षण दिले जाते. नागरिकांनी प्रशासनाकडे मागायची ती माहितीही नेमकी असावी: कोणता समस्थानिक (आयोडीन-१३१ की सिझियम-१३७), लिटरमागे किंवा किलोमागे किती बेकरेल (किरणोत्सार मोजण्याचे एकक), नमुना कुठला आणि कोणत्या तारखेचा. २२ मार्च २०११ रोजी टोकियोच्या कानामाची जलशुद्धीकरण केंद्रातल्या पाण्यात लिटरमागे २१० बेकरेल आयोडीन-१३१ निघाले. तान्ह्या बाळांसाठीची मर्यादा १०० आणि इतरांसाठी ३०० होती. दुसऱ्या दिवशी आकडा जाहीर करून फक्त बाळांना ते पाणी देऊ नका असे सांगितले गेले. २४ मार्चला तो ७९ वर आला आणि सूचना मागे घेतली गेली.