मालट्रकची चासी पिळू का द्यावी लागते

रावेर-यावलच्या शिवारातून केळी भरून निघालेला मालट्रक कच्च्या वाटेवरून डांबरी रस्त्यावर चढत असताना मागून पाहिला, तर त्याची केबिन एका बाजूला आणि हौदा दुसऱ्या बाजूला कललेला दिसतो. पुढचे डावे चाक रस्त्याच्या उंच कडेवर पोचलेले असते आणि मागचे डावे चाक अजून चाकोरीत रुतलेले असते. या दोन टोकांना जोडणारी पोलादी चौकट, म्हणजे चासी, अशा क्षणी अक्षरशः पिळली जाते. पाहणाऱ्याला गाडी आता मोडते की काय अशी धास्ती वाटते. परंतु चौकटीने असे पिळले जावे ही तिच्या रचनाकाराचीच अपेक्षा असते. ही अपेक्षा नीट समजली नाही, तर चासी ‘मजबूत’ करण्याच्या भरात तिचे आयुष्य कमी होते, आणि आपल्याकडच्या गॅरेजांत हे नेहमी घडत असल्यामुळे हा विषय विस्ताराने मांडावासा वाटतो.

मालट्रकची चासी शिडीसारखी असते. गाडीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत जाणारे दोन लांब चॅनेल, ज्यांना लाँग मेंबर म्हणतात, आणि त्यांना ठरावीक अंतरावर जोडणारे आडवे क्रॉस मेंबर, एवढीच तिची मूळ रचना आहे. इंजिन, गिअरबॉक्स, डिझेलची टाकी, केबिन आणि हौदा यांचा सगळा भार या चौकटीवर येतो, तिथून तो पाट्यांवर, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, पाट्यांवरून एक्सलवर आणि शेवटी टायरांमार्फत जमिनीवर जातो. लांब चॅनेलचा छेद, म्हणजे ते आडवे कापल्यावर दिसणारा आकार, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा असून त्याचे उघडे तोंड गाडीच्या आतल्या बाजूला असते. उभ्या बाजूच्या वर आणि खाली असलेल्या आडव्या पट्ट्या म्हणजे चॅनेलच्या कडा.

हा आकार कशासाठी, याचे उत्तर वाकण्याच्या गणितात आहे. दोन टेकूंवर ठेवलेल्या तुळईवर भार आला की तिचा वरचा भाग दाबला जातो, खालचा भाग ताणला जातो आणि मधोमध एक थर असा राहतो की ज्यावर यातले काहीच येत नाही. त्यामुळे वाकण्याला विरोध करण्याच्या दृष्टीने मधल्या थराजवळचे पोलाद जवळजवळ रिकामे बसलेले असते आणि टोकाकडचे पोलाद खरे काम करते. उदाहरणासाठी 220 मिमी उंचीचे, 70 मिमी रुंद कडांचे आणि 7 मिमी जाडीचे चॅनेल घेऊ. त्याचे वजन मीटरला सुमारे 19 किलो भरते. त्याच्या वरच्या आणि खालच्या कडांमध्ये एकूण पोलादाचा 40 टक्के भाग आहे, पण वाकण्याला होणाऱ्या विरोधातला जवळजवळ 69 टक्के वाटा या दोन कडांचा असतो. तेवढेच पोलाद वितळवून त्याची भरीव चौरस सळई केली, तर तिची बाजू 49 मिमी येईल आणि ती या चॅनेलच्या तेहतिसाव्या हिश्श्याइतकाच विरोध करील. वजन तेच आणि पोलादही तेच. फरक पडतो तो पोलाद मधल्या थरापासून किती दूर नेऊन ठेवले आहे याने.

यावरूनच चासीला भोक पाडण्याचा पहिला नियम निघतो. पोलादी पत्र्यातल्या लहान गोल भोकाच्या कडेला मूळच्या सुमारे तिप्पट ताण एकवटतो, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. चॅनेलच्या उभ्या बाजूच्या मध्याजवळ वाकण्याचा ताण मुळातच नगण्य असतो, म्हणून तिथे तिप्पट झाला तरी बिघडत नाही. वरच्या किंवा खालच्या कडेत मात्र ताण आधीच सर्वांत जास्त असतो, आणि तिथे टूलबॉक्सचे ब्रॅकेट किंवा ताडपत्रीचा हूक बसवण्यासाठी पाडलेले एखादे भोक पुढच्या तड्याची सुरुवात ठरते. वाहन-उत्पादक आपल्या पुस्तिकांतून कडांना भोक पाडू नका असे बजावतात, त्याचे कारण हेच आहे.

मागच्या एक्सलच्या पलीकडे लोंबणाऱ्या भागाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे चौकट उलट दिशेने वाकते, म्हणजे एक्सलच्या वर चॅनेलची वरची कड ताणली जाते. या भागावर भार सारखा पसरलेला असेल, तर वाकवणारा जोर लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लोंबता भाग दीडपट झाला की एक्सलवरचा हा जोर सव्वादोनपट होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये हा भाग पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतराच्या 60 टक्क्यांपेक्षा जास्त असू नये अशी मर्यादा घातलेली आहे. जळगावहून निघणारे पीव्हीसी पाइप हौद्याबाहेर कितीही आले तरी ते हलके असल्यामुळे चौकटीला त्यांचा त्रास थोडाच होतो. केळी, धान्य किंवा ऊस हौद्याच्या मागच्या अंगाला दाबून भरला, तर मात्र याच जागेवर भार पडतो.

पोलादाबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. बाजारात सहज मिळणारे साधे पोलाद सुमारे 250 मेगापास्कल (हे ताणाचे एकक) ताणापर्यंत पुन्हा मूळ आकारावर येते. मालट्रकच्या चासीसाठी वापरले जाणारे विशेष पोलाद 400 मेगापास्कलच्या पुढे जाते. परंतु या दोन्ही पोलादांचा ताठपणा एकच, सुमारे 200 गिगापास्कल असतो. चांगले पोलाद वापरून चॅनेल पातळ केले, तर ते तुटणार नाही, पण जास्त लवेल. ताकद आणि ताठपणा हे दोन वेगळे गुण आहेत. ताकद पोलादाच्या जातीवर ठरते आणि ताठपणा मुख्यतः आकारावर.

आता पिळाकडे वळू, कारण चासीच्या रचनेचे खरे कौशल्य तिथे पणाला लागते. एक कागद गुंडाळून त्याची नळी करावी आणि कडा न चिकटवता दोन्ही हातांनी ती पिळून पाहावी; ती सहज पिळते. मग कडा डिंकाने पूर्ण लांबीवर चिकटवून पुन्हा पिळून पाहावे, म्हणजे हाताला एकदम विरोध जाणवतो. बंद छेदात पिळाचा ताण सलग वर्तुळासारखा फिरू शकतो, तर उघड्या छेदात त्याला जाडीच्या आतच वळून परतावे लागते. वरच्या उदाहरणातल्या चॅनेलचे उघडे तोंड 7 मिमी पट्टी वेल्ड करून बंद केले, तर पिळाला होणारा त्याचा विरोध जवळजवळ 250 पट होतो. असे असताना मालट्रकसाठी उघडेच चॅनेल का निवडले जाते, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

त्याचे कारण असे की रस्ता चौकटीला किती भार देईल याबरोबरच तो तिला किती पिळेल, हेही ठरवतो. वजनदार माल वाहण्यासाठी पाटे ताठ ठेवावे लागतात, त्यामुळे जमिनीचा सगळा उंचसखलपणा ते सामावून घेऊ शकत नाहीत. उरलेला भाग चौकटीने पिळून सामावून घेतला, तरच सगळी चाके जमिनीला टेकलेली राहतात. समजा चार मीटरच्या लांबीत चौकट सहा अंश पिळली. उघड्या चॅनेलमध्ये या पिळामुळे येणारा ताण सुमारे 15 मेगापास्कल असेल, कारण उघड्या छेदात दिलेल्या पिळासाठी ताण फक्त जाडीच्या प्रमाणात वाढतो. तोच पिळ बंद केलेल्या चॅनेलवर लादला, तर ताण 100 मेगापास्कलच्या वर जातो, आणि तोही वेल्डिंगच्या शिवणीवर. बंद छेद अर्थातच इतका पिळणार नाही. त्याऐवजी एखादे चाक अधांतरी राहील आणि त्याचा भार बाकीच्या चाकांवर जाईल. प्रवासी मोटारीला हे चालते, कारण तिच्या स्प्रिंगा मऊ असतात आणि तिची चाके वर-खाली भरपूर हलू शकतात. म्हणूनच 1922 च्या लान्चिया लाम्ब्डा या इटालियन मोटारीपासून मोटारींनी वेगळी चासी सोडून ताठ कवचाची वाट धरली, आणि मालट्रकने मात्र शिडी सोडली नाही.

उघडे चॅनेल पिळले जाताना आणखी एक गोष्ट घडते, ती म्हणजे त्याचा छेद सपाट राहत नाही. एक कड पुढे सरकते आणि दुसरी मागे. हे सरकणे मोकळेपणाने होऊ दिले, तर ताण कमी राहतो; जिथे ते अडवले जाते, तिथे तो एकवटतो. क्रॉस मेंबर लांब चॅनेलच्या उभ्या बाजूला जोडला, तर हे सरकणे बऱ्याच अंशी मोकळे राहते. तोच दोन्ही कडांना घट्ट जोडला, तर सांधा ताठ होतो, पण कडेच्या रिव्हेटपाशी ताण चढतो. कुठल्या जागी सांधा ताठ हवा आणि कुठल्या जागी मोकळा, याचा निर्णय घेण्यातच रचनाकाराचा बराचसा वेळ जातो. माझ्या मते चासीकडे पाहण्याची खरी दृष्टी हीच आहे: एकेका चॅनेलच्या जाडीपेक्षा सांध्यांची मांडणी अधिक काही सांगून जाते.

खानदेशात या पिळाला विशेष महत्त्व आहे. तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर बांधलेले रस्ते खड्डे नसले तरी लाटांसारखे उंचसखल होत जातात. सातपुड्याच्या पायथ्याने बऱ्हाणपूरकडून अंकलेश्वरकडे जाणाऱ्या मार्गाला जोडलेल्या शिवाररस्त्यांवर तर डाव्या आणि उजव्या चाकांना एकसारखी जमीन क्वचितच मिळते. अशा वाटेवर चौकट एका फेरीत असंख्य वेळा इकडून तिकडे पिळली जाते, आणि यातूनच धातूच्या थकव्याचा प्रश्न उभा राहतो.

एकदा दिल्यावर निरुपद्रवी ठरणारा ताण लाखो वेळा दिला की पोलाद तोडू शकतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात प्रशियातील आउगुस्ट व्योलर या अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून दाखवून दिले. वेल्डिंगच्या सांध्यांसाठी आज वापरला जाणारा ढोबळ हिशोब असा आहे की ताणातला चढउतार दुप्पट झाला की आयुष्य एक अष्टमांशावर येते, कारण ते घनाच्या प्रमाणात घटते. याच हिशोबाने ताण सव्वापट झाला, तर आयुष्य जवळजवळ निम्मे होते. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने चार टायर असलेल्या एकेरी एक्सलवरचा अनुज्ञेय भार 10.2 टनांवरून 11.5 टनांपर्यंत वाढवला. ही वाढ पावणेतेरा टक्क्यांचीच दिसते, पण जुन्या चौकटीतल्या वेल्ड केलेल्या सांध्याला लावून पाहिली, तर त्याचे अपेक्षित आयुष्य सात दशांशावर येते. अधिसूचनेने भाराची मर्यादा वाढते, पण आधीच बनलेल्या गाडीचे पोलाद तेच राहते. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवूनच माल भरावा, असे मला मनापासून वाटते.

तडा सुरू कसा होतो, हे चासीखाली बॅटरी घेऊन वाकून पाहिल्यास दिसू शकते. पाट्याच्या ब्रॅकेटपाशी किंवा क्रॉस मेंबरच्या टोकाच्या रिव्हेटपाशी रंगाला केसासारखी बारीक चीर गेलेली असते आणि तिच्यातून तांबूस गंजाची रेघ खाली ओघळलेली असते. ही रेघ धुऊन टाकल्यावर काही दिवसांत पुन्हा उमटली, तर तडा हलता आहे असे समजावे. त्या अवस्थेत दुरुस्ती सोपी असते.

पण ही दुरुस्ती कशी केली जाते, यावर पुढचे सगळे ठरते. सर्रास चालणारी रीत म्हणजे तड्यावर जाड पट्टी ठेवून तिच्या चारी बाजूंनी वेल्डिंग करणे आणि जमल्यास चॅनेलचे तोंडही बंद करून टाकणे. त्यामुळे तेवढा भाग ताठ होतो, पण चौकटीवर येणारा पिळ तर कमी होत नाही; तो उरलेल्या मोकळ्या भागावर अधिक प्रमाणात येतो आणि पट्टी जिथे एकाएकी संपते, तिथे एकवटतो. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने विशेष पोलादाचा शिवणीलगतचा भाग मऊ पडू शकतो आणि थंड होताना शिवणीत ओढ राहते. वेल्ड केलेल्या सांध्याच्या थकव्याच्या बाबतीत भारी पोलाद आणि साधे पोलाद यांत जवळजवळ फरक उरत नाही. म्हणून काही महिन्यांनी पट्टीच्या अगदी कडेला दुसरा तडा जातो, मिस्त्री तिथे आणखी मोठी पट्टी लावतो, आणि दोष मात्र कंपनीच्या पोलादाला दिला जातो.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत हेच दुसऱ्या रूपाने दिसते. तालुक्याच्या गावी बनणाऱ्या ट्रॉल्यांची चौकट साध्या पोलादाच्या चॅनेलची आणि पूर्ण वेल्ड केलेली असते. चारचाकी ट्रॉलीचा पुढचा एक्सल फिरत्या चकतीवर बसवलेला असतो. उसाने भरलेली ट्रॉली बांधावरून ओढली की चकतीच्या वरचा सांधा सर्वांत जास्त सोसतो. तिथे चॅनेल आणि पट्टी यांचा काटकोन तसाच ठेवण्याऐवजी त्रिकोणी जोडपट्टी उतरत्या टोकाची कापली आणि वेल्ड कडेच्या टोकापर्यंत न नेता थोडी आधी थांबवली, तर त्याच पोलादात ट्रॉली अधिक वर्षे टिकते. यासाठी जास्तीचा खर्च येत नाही.

मालट्रकच्या चौकटीची दुरुस्ती करताना तड्याच्या टोकाला आधी लहान गोल भोक पाडून त्याचा अणकुचीदारपणा घालवावा, नंतर आधाराची पट्टी उभ्या बाजूला बोल्टने बसवावी, तिची दोन्ही टोके सरळ न कापता तिरकी उतरती ठेवावीत, म्हणजे ताठपणा हळूहळू वाढेल आणि हळूहळू कमी होईल, आणि ती टोके क्रॉस मेंबरच्या किंवा पाट्याच्या ब्रॅकेटच्या सांध्याशी येऊ देऊ नयेत. हौदा बसवतानाही त्याचे लांब बेअरर, म्हणजे तळाच्या आधारतुळया, चासीला वेल्ड न करता मध्ये लाकडी पट्टी घालून यू-बोल्टने आवळतात आणि केबिनच्या मागच्या, म्हणजे सर्वांत जास्त पिळणाऱ्या जागेवर, स्प्रिंग किंवा रबर असलेली जोडणी वापरतात. बॉडी बांधून घेताना मालकाने बेअररचे पुढचे टोक उतरते कापले आहे का आणि ही जोडणी खरोखर थोडी हलू शकते का, एवढ्या दोन गोष्टी गाडी ताब्यात घेण्यापूर्वी स्वतः वाकून तपासाव्यात.