नगर वाचनालय

नगर वाचनालय म्हणजे शहरातल्या कोणालाही पुस्तके घरी नेता यावीत, वर्तमानपत्रे व नियतकालिके बसून वाचता यावीत आणि संदर्भ शोधता यावेत यासाठी चालवलेली सार्वजनिक संस्था. महाराष्ट्रातली बहुतेक नगर वाचनालये सरकारने किंवा नगरपालिकेने काढलेली नाहीत. गावच्या लोकांनी वर्गणी जमवून ती उभी केली. सभासदांनी निवडलेले कार्यकारी मंडळ ती चालवते आणि राज्य शासन त्यांना मान्यता व अनुदान देते. त्यांच्या सेवा कशा आहेत, कुठे भरभक्कम आणि कुठे तोकड्या आहेत, याचे बरेचसे उत्तर या घडणीतच आहे.

रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (आताचे अहिल्यानगर, १८३८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८) आणि कोल्हापूर (१८५०) येथील वाचनालये या परंपरेतली सर्वांत जुनी. आरंभी बहुतेकांचे नाव ‘नेटिव्ह लायब्ररी’ याच धर्तीचे होते आणि कपाटांत इंग्रजी पुस्तकेच जास्त असत, कारण छापील मराठी ग्रंथांची संख्याच तेव्हा थोडी होती. १८९३ मध्ये ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले आणि १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. मराठीत छापलेला ग्रंथ मिळेल तिथून आणून जपायचा, हा या दोन संस्थांचा हेतू होता. आज जुन्या मराठी पुस्तकाच्या शोधात निघालेला माणूस बहुधा यांपैकी एका संस्थेच्या दारात पोहोचतो, याचे श्रेय त्या निर्धाराला आहे.

गोव्यातील वाचनालयाची स्थापना मात्र १८३२ मध्ये पोर्तुगीज राजवटीने केली. पणजीत पाटो येथे असलेले आजचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ते हेच. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे उभारले. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवण्याची व्यवस्थाही त्याच योजनेत होती. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यात इतर काही राज्यांप्रमाणे ग्रंथालय कर बसवण्याची तरतूद नाही. त्यामुळे बडोद्याचा मोफत वाचनाचा मार्ग इथे रुजला नाही आणि वाचनालय सभासदाच्या वर्गणीवर टेकून राहिले.

सभासद होण्यासाठी अर्ज, छायाचित्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. परत मिळणारी अनामत रक्कम एकदा भरायची आणि वर्गणी दरमहा किंवा वर्षाची एकदम. वर्गणीच्या प्रकारावर किती पुस्तके मिळणार, सोबत मासिक मिळणार का, हे ठरते. एकदाच मोठी रक्कम भरून आजीव सभासद होण्याची सोय बहुतेक ठिकाणी आहे. पुस्तक ठरलेल्या मुदतीत बदलून न्यावे लागते. उशीर झाला तर दंड असतो आणि पुस्तक हरवले तर किंमत भरून द्यावी लागते.

देवघेव विभाग हा वाचनालयाचा सर्वांत गजबजलेला भाग. पूर्वी पुस्तके बंद कपाटांत असत. सभासद यादी चाळून क्रमांकांची चिठ्ठी देई आणि शिपाई त्यांतले हाती लागेल ते पुस्तक आणून देई. आता बऱ्याच ठिकाणी सभासदाला रॅकपर्यंत जाऊन पुस्तक निवडता येते. हा बदल साधा वाटला तरी वाचकाच्या दृष्टीने यापेक्षा मोठी सुधारणा दुसरी झालेली नाही, कारण ज्याचे नावही माहीत नाही असे पुस्तक रॅकसमोर उभे राहिल्यावरच सापडते. मांडणीची पद्धत जागोजागी वेगळी असते. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई दशांश वर्गीकरणात संपूर्ण मराठी साहित्याच्या वाट्याला ८९१.४६ हा एकच क्रमांक येतो. ज्या वाचनालयात निम्म्याहून अधिक पुस्तके त्याच क्रमांकाची, तिथे पोटविभाग पाडून तो पुढे वाढवल्याशिवाय काही उपयोगाचा नाही. म्हणून अनेक वाचनालये कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, प्रवासवर्णन असे सरळ गट करतात आणि गटाच्या आद्याक्षरापुढे क्रमांक घालतात. नव्या सभासदाने ही पद्धत काउंटरवर एकदा विचारून घ्यावी. दर वेळचा शोध त्याने वाचतो.

या विभागातली खरेदी सभासदांच्या मागणीवर चालते आणि तसेच असायला हवे. कादंबऱ्या, चरित्रे, अनुवादित पुस्तके आणि रहस्यकथा सतत बाहेर असतात. गाजणाऱ्या पुस्तकाच्या दोन-तीन प्रती घेतल्या जातात आणि ते राखून ठेवण्यासाठी नाव नोंदवता येते.

नियतकालिकांत दिवाळी अंकांचे स्थान वेगळे. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा धरली जाते. एकट्या घराला दहा-वीस अंक विकत घेणे परवडत नाही. म्हणून वाचनालये थोड्या जादा शुल्कात पुढचे काही महिने अंक फिरवण्याची योजना राबवतात आणि एरवी न फिरकणारे सभासदही त्या काळात येतात. हंगाम संपला की फाटके अंक रद्दीत जातात आणि निवडक अंक बांधून संग्रहात ठेवले जातात. या निवडीकडे कार्यकारी मंडळाने अधिक गांभीर्याने पाहायला हवे, कारण दिवाळी अंकातली कितीतरी कथा, लेख आणि व्यंगचित्रे पुढे कुठल्याही पुस्तकात आलेली नाहीत.

वृत्तपत्र कक्ष साधारणपणे सर्वांना मोफत असतो आणि तिथे सभासदत्व विचारले जात नाही. सकाळी दार उघडायच्या आधीच निवृत्त मंडळी, नोकरीच्या जाहिराती पाहणारे तरुण आणि बाहेरगावाहून कामासाठी आलेली माणसे तिथे थांबलेली दिसतात.

खरी श्रीमंती असते ती संदर्भ विभागात. कोश, गॅझेटियर, ज्ञानकोशांचे खंड आणि शासकीय प्रकाशने सगळीकडेच असतात, पण जुन्या नगर वाचनालयाचे मोल ठरते ते दुसरीकडे न मिळणाऱ्या साहित्यावरून : शिळाछापाची (दगडावर उमटवून छापलेली) पुस्तके, पोथ्या, बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकांच्या फायली, नगरपालिकेचे अहवाल, शाळांच्या आणि नाट्यमंडळ्यांच्या स्मरणिका, गावातल्या वकील-डॉक्टरांच्या वारसांनी दिलेली खासगी कपाटे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती देशातल्या ठरावीक ग्रंथालयांना द्यायच्या असतात आणि त्यांत मुंबईतल्या ग्रंथालयाचाही समावेश आहे. पण तालुक्याच्या छापखान्यात निघालेली चाळीस पानी स्मरणिका तिथवर क्वचितच जाते. तिची उरलेली एकुलती प्रत त्या गावच्या वाचनालयातच असू शकते. जुने पुस्तक शोधणाऱ्याने आधी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची पाहावी. १८०० पासून १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची नोंद तिच्या दोन भागांत आहे. नाव, साल आणि प्रकाशक हाती असले की ग्रंथपालालाही शोधणे सोपे जाते.

वाचनालयाची दाखल नोंदवही हीसुद्धा संदर्भाचीच वस्तू आहे. कोणते पुस्तक कोणत्या तारखेला, किती किमतीला, विकत की देणगी म्हणून आले, हे तिच्यात ओळीने लिहिलेले असते. त्या शहराने कोणत्या दशकात काय वाचले, याचा इतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. संगणकीकरण झाल्यावर जुन्या नोंदवह्या टाकून देण्याचा मोह होतो. त्या कटाक्षाने जपायला हव्यात.

जपणुकीची अडचण कागदापासून सुरू होते. चिंध्यांपासून केलेल्या कागदावरचे १८५० च्या सुमाराचे पुस्तक आजही चांगल्या स्थितीत असू शकते. लाकडाच्या लगद्याच्या कागदात मात्र आम्ल असते. तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती, त्यामुळे त्या वर्षांतली पुस्तके विशेष नाजूक झाली आहेत. त्यात कोकणातली दमट हवा आणि बुरशी, देशावर वाळवी आणि सगळीकडे कागद खाणारी कसर. डांबरगोळ्यांनी किडे काही काळ लांब राहतात. खरा उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणे, रॅक भिंतीपासून सुटे ठेवणे, पावसाळ्यानंतर प्रत्येक पुस्तक हाताळून झटकणे आणि फार जीर्ण प्रतींचे स्कॅनिंग. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे जुन्या ग्रंथांपैकी पुष्कळ आज मोकळेपणाने स्कॅन करून सर्वांना देता येतात. ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयासह काही संस्थांनी हे काम हाती घेतले आहे.

बालविभागात कमी वर्गणी, सुट्टीतली शिबिरे, गोष्टींचे कार्यक्रम आणि निबंधस्पर्धा असतात. दृष्टिहीनांसाठी ब्रेल पुस्तकांची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. पणजीच्या ग्रंथालयात ती आहे. अभ्यासिका हा अलीकडच्या दशकांत सर्वाधिक वाढलेला विभाग. स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी महिन्याचे शुल्क भरून पहाटेपासून रात्रीपर्यंत तिथे बसतात. ती मुले बहुधा स्वतःचीच पुस्तके वाचतात, म्हणून अभ्यासिकेला ग्रंथालयसेवा मानू नये, असे काही जण म्हणतात. ते पटत नाही. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या मुलाला शांत टेबल, दिवा आणि पंखा मिळणे ही सार्वजनिक सेवाच आहे. अभ्यासिकेसाठी संदर्भ विभागाची जागा काढून घेतली जाते तिथे मात्र हरकत घ्यायलाच हवी.

वाचनालयाच्या सभागृहात व्याख्यानमाला, पुस्तक प्रकाशने आणि ग्रंथप्रदर्शने होतात. दारापर्यंत येऊ न शकणाऱ्या ज्येष्ठांना काही वाचनालये घरपोच पुस्तके देतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या परदेशातल्या मराठी वाचकांपर्यंतही पोहोचल्या आहेत.

शासनमान्य ग्रंथालयांची प्रतवारी जिल्हा, तालुका व इतर अशा गटांत अ, ब, क आणि ड वर्गांनी होते आणि त्यानुसार अनुदान ठरते. ते हप्त्यांनी येते. त्यातला मोठा वाटा वेतनावर जातो आणि तरीही वेतन तुटपुंजेच राहते, कारण इथले ग्रंथपाल आणि लिपिक शासकीय कर्मचारी नाहीत. वेतनश्रेणी मिळावी ही त्यांची मागणी जुनी आहे आणि ती रास्त आहे. कोणत्या फायलीत काय आहे, हे पुष्कळदा वर्षानुवर्षे तिथे काम केलेल्या एखाद्याच माणसाला ठाऊक असते. कोहा किंवा ई-ग्रंथालय या संगणक प्रणालींत पुस्तकांची यादी भरता येते, पण वर्तमानपत्रांच्या फायली, स्मरणिका आणि देणगीतल्या कपाटांची नोंद अजून कित्येक वाचनालयांत झालेली नाही. तोवर अशा साहित्यासाठी यादीवर विसंबून न राहता संदर्भ विभागात समक्ष जावे, विषय आणि साल लिहून द्यावे आणि शोधाला दोन-चार दिवसांची सवड द्यावी.