जड मुख्य गण मूलद्रव्यांची हायड्राइडे

आवर्त सारणीच्या मुख्य गणांत तळाशी असलेली कथिल, शिसे, अँटिमनी, बिस्मथ, टेल्यूरियम, इंडियम, थॅलियम ही मूलद्रव्ये हायड्रोजनशी जी संयुगे बनवतात, त्यांना हे नाव आहे. कार्बनचे हायड्राइड असलेला मिथेन चांगलाच तापवला तरी टिकतो. स्टॅनेन हे कथिलाचे हायड्राइड मात्र सामान्य तापमानालाच हळूहळू विघटित होते. बिस्मथचे हायड्राइड बिस्म्युथिन त्याहून नाजूक असून शिशाचे प्लंबेन जेमतेम हाती लागते.

याचे मूळ कक्षकांत, म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन जिथे वावरतात त्या जागांत (ऑर्बिटल), आहे. जड अणूंची संयुजा (बंध बनवणारी बाहेरची) कक्षके मोठी व पसरट, तर हायड्रोजनचे कक्षक लहान. त्यामुळे दोघांचे व्यापन (एकमेकांवर पसरणे) तोकडे पडते आणि बंध दुबळा राहतो. सहाव्या आवर्तात सापेक्षतावादी परिणामाची, म्हणजे जड केंद्रकाजवळ इलेक्ट्रॉन अतिवेगाने फिरल्याने होणाऱ्या बदलाची, भर पडते. ६s या कक्षकातले इलेक्ट्रॉन केंद्रकाकडे ओढले जातात व बंधात सहजी उतरत नाहीत. बंधकोनही हेच सांगतात : अमोनियात सुमारे १०७°, पण अँटिमनीच्या हायड्राइडात, म्हणजे स्टिबीनमध्ये, सुमारे ९२°, म्हणजे बंधांत s चा वाटा नगण्य आणि जवळजवळ निव्वळ, परस्परांना काटकोनात असलेली p कक्षके.

बिस्म्युथिनचा पहिला पुरावा फार देखणा आहे. १९१८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ फ्रिड्रिख पानेट यांनी थोरियमच्या क्षयमालिकेतील किरणोत्सर्गी बिस्मथ मॅग्नेशियमवर बसवून ते आम्लात विरघळवले. बाहेर पडलेल्या वायूत किरणोत्सर्ग आढळला, म्हणजे बिस्मथ वायुरूपात निघाले होते. तराजूला न जाणवणारे संयुग असे पकडले गेले. मार्गण (पदार्थाचा माग काढणारी खूण) म्हणून किरणोत्सर्गी अणू वापरण्याच्या पद्धतीचे हे एक आरंभीचे यश होय.

स्टिबीन विषारी आहे. त्याच्या विघटनातून साचणारे अँटिमनी पुढील विघटनाचा वेग वाढवते, म्हणून साठवण जोखमीची. अँटिमनीमिश्रित शिशाच्या पट्ट्या असलेली बॅटरी जास्त चार्ज झाली, तर हा वायू थोडा निर्माण होऊ शकतो.

बंधाचा हा दुबळेपणा कार्बनी रसायनशास्त्राच्या मात्र पथ्यावर पडला. ट्रायब्युटिल टिन हायड्राइड या कथिलाच्या संयुगातला हायड्रोजन एखादा मुक्त मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला अणू वा गट) सहज उचलतो. मागे उरलेला कथिल-मूलक कार्बनला जोडलेला ब्रोमीन किंवा आयोडीन खेचून घेतो. उघडा पडलेला कार्बन-मूलक दुसऱ्या रेणूतून हायड्रोजन घेतो आणि साखळी चालू राहते. १९७५ मध्ये पुढे आलेली बार्टन–मॅकॉम्बी अभिक्रिया याच तत्त्वावर अल्कोहोलातील ऑक्सिजन काढून टाकते. अडचण एकच, पण मोठी : विषारी कथिलयुक्त अवशेष उत्पादनातून काढणे जिकिरीचे असते. म्हणून कथिल उत्प्रेरकी, म्हणजे अगदी थोड्या, प्रमाणात वापरणे किंवा त्याऐवजी सिलिकॉनची हायड्राइडे घेणे हे मार्ग रूढ झाले.

अशी संयुगे टिकवायची तर धातूभोवती अवजड ॲरिल गट (बेंझीनसारखी वलये असलेले गट) उभे करावे लागतात, म्हणजे दोन रेणू एकमेकांना भिडून हायड्रोजन गमावत नाहीत. २००० मध्ये रसायनशास्त्रज्ञ फिलिप पॉवर यांच्या संशोधक-चमूने या युक्तीने बिस्मथचे स्थिर रेणवीय हायड्राइड मिळवले. शिशाच्या द्विसंयुजी (दोनच बंधांच्या) हायड्राइडालाही पुढे हीच युक्ती लागू पडली.