दोब्रिन्या (सारायेव्हो)

दोब्रिन्या हे बोस्निया-हर्झेगोव्हिनाची राजधानी सारायेव्होच्या पश्चिम भागात, विमानतळाच्या धावपट्टीला जवळजवळ लागून वसलेले उपनगर आहे. प्रशासकीयदृष्ट्या त्याचा बहुतेक भाग नोव्ही ग्राद नगरपालिकेत मोडतो. बोस्नियातील युद्धात 1992 ते 1996 या काळात सर्ब फौजांनी सारायेव्होला घातलेल्या वेढ्याची सर्वाधिक झळ ज्या वस्त्यांना बसली, त्यांपैकी ही एक होय.

वस्ती जुनी नाही. 1984 च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या निमित्ताने सारायेव्होत जी मोठी बांधकामे झाली, त्यांत दोब्रिन्यातील इमारती उभ्या राहिल्या. स्पर्धेच्या काळात तेथे पत्रकारांची सोय करण्यात आली होती आणि खेळाडूंचा मुक्काम शेजारच्या मोयमिलो येथे होता. स्पर्धेनंतर या सदनिकांत प्रामुख्याने तरुण, नोकरदार कुटुंबे राहायला आली. बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम), सर्ब, क्रोएट आणि स्वतःला नुसते ‘युगोस्लाव्ह’ म्हणवणारी माणसे एकाच जिन्यावर शेजारी झाली. जुन्या शहरातील मोहल्ल्यांना असते तशी पिढ्यांची ओळख मात्र या शेजाराला नव्हती. ती युद्धाने घडवली, हे दोब्रिन्याच्या इतिहासाचे वेगळेपण मानावे लागते.

एप्रिल 1992 मध्ये वेढा सुरू झाला, तेव्हा दोब्रिन्या शहरापासूनही तुटले. दक्षिणेला विमानतळ व लुकाव्हित्सा, पश्चिमेला नेजारिची आणि उत्तरेला मोयमिलोची टेकडी अशा तिन्ही बाजू विरोधी फौजांच्या ताब्यात असल्याने येथील रहिवासी वेढ्याच्या आतील वेढ्यात सापडले. दोब्रिन्याचे काही विभागही सर्ब फौजांनी घेतले आणि आघाडीची रेषा इमारतींच्या मधून गेली. त्या उन्हाळ्यात बचाव करणाऱ्यांनी मोयमिलोची टेकडी जिंकल्यावर शहराशी संपर्क पुन्हा जोडला गेला. या पहिल्या महिन्यांत जखमींना शहरातील रुग्णालयात नेणे अशक्य असल्यामुळे मूळचे पॅलेस्टिनी असलेले शल्यचिकित्सक डॉ. युसुफ हाजिर यांनी वस्तीतच रुग्णालय उभे केले.

दैनंदिन व्यवहाराचे एकक या काळात इमारतीचे प्रवेशद्वार आणि जिना हे झाले. तळघरांत लोक झोपत. उघड्यावरून जाणे टाळण्यासाठी इमारतींच्या दरम्यान चर खणले गेले आणि तळघरांच्या भिंती फोडून वाटा काढल्या गेल्या. शाळेपर्यंत जाणे मुलांच्या जिवावर बेतणारे असल्याने वर्ग जिन्यांत व तळमजल्यांवर भरू लागले व जवळपास राहणारे शिक्षक तेथे शिकवू लागले. हिरवळीच्या जागी भाजीचे वाफे आले. पाण्यासाठी सार्वजनिक पंपांवर रांगा लागत आणि माणसे एकत्र जमणे हाच सर्वांत मोठा धोका असे. 1 जून 1993 रोजी, बकरी ईदच्या दिवशी, इमारतींच्या आडोशाला असलेल्या वाहनतळावर फुटबॉलचा सामना चालू असताना उखळी तोफेचे दोन गोळे पडले व दहाहून अधिक माणसे ठार झाली. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, 12 जुलैला, पाण्याच्या रांगेवर गोळा पडला. पूर्वीच्या युगोस्लाव्हियासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने स्तानिस्लाव्ह गालिच या सर्ब सेनाधिकाऱ्याला दोषी ठरवताना या घटनांचा विचार केला. 2003 मध्ये सुनावलेली 20 वर्षांची शिक्षा 2006 मध्ये अपिलात जन्मठेपेत बदलली.

विमानतळ जून 1992 अखेर सर्ब फौजांकडून संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षक दलाकडे आला. (या दलाचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार हे भारतीय सेनेच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी होते.) मात्र हस्तांतराच्या अटींनुसार धावपट्टी ओलांडू देण्यास दलाला मनाई होती, त्यामुळे रात्री पलीकडच्या, बोस्नियन सरकारच्या फौजांकडे असलेल्या बुतमिर गावाकडे धावणाऱ्यांना शांतिसैनिक अडवून परत पाठवत आणि सर्ब निशाणबाज त्यांच्यावर गोळ्या झाडत. यावर उपाय म्हणून दोब्रिन्यातील एका इमारतीपासून बुतमिरमधील एका घरापर्यंत धावपट्टीखालून सुमारे 800 मीटर लांबीचा बोगदा खणण्यात आला. दोन्ही टोकांकडून हाताने झालेले हे काम मार्च 1993 मध्ये सुरू झाले व 30 जूनच्या सुमारास पूर्ण झाले. त्याची उंची सरासरी दीड-पावणेदोन मीटर व रुंदी सुमारे एक मीटर होती. पाणी साचे आणि माणसांना वाकूनच चालावे लागे. अन्नधान्य, शस्त्रे, जखमी, पुढे वीज व इंधनाच्या वाहिन्या असे सर्व काही त्यातून गेले. शहर तगले त्यात या बोगद्याचा वाटा फार मोठा होता, पण त्याच वाटेने आलेल्या मालावर काळाबाजारही पोसला गेला, हेही नमूद करावयास हवे. बुतमिरकडील टोक आज संग्रहालय आहे.

युद्ध संपवणाऱ्या डेटन करारानंतर (1995) बोस्नियाचे दोन घटक, म्हणजे बोस्नियाक-क्रोएट संघराज्य व सर्बबहुल रेपुब्लिका स्रप्स्का, यांच्यामधील सीमारेषा नकाशावर जशी काढली गेली तशी ती दोब्रिन्याच्या पहिल्या व चौथ्या विभागांतून, काही ठिकाणी चक्क इमारतींमधून गेली. परतणाऱ्या कुटुंबांना आपले घर नेमके कोणत्या कारभाराखाली येते, हेच ठरत नसल्याने सदनिकांची मालकी अनेक वर्षे अडकून पडली. अखेर 2001 मध्ये आयरिश न्यायाधीश डायर्मुइड शेरिडन यांच्या लवादाने ही रेषा नव्याने निश्चित केली. प्रत्यक्ष रहदारीत ही सीमा आता फारशी अडवत नाही: सारायेव्होच्या मध्यभागातून येणाऱ्या ट्रॉलीबसच्या शेवटच्या थांब्यावर उतरून प्रवासी रेपुब्लिका स्रप्स्कातील पूर्व सारायेव्होच्या बसस्थानकावर पायी जातात.