राजधानीचा जिल्हा झाला तेव्हापासून

महालक्ष्मी एक्सप्रेसला बसलेल्या माणसाची पिशवी बघून तो मुंबईला कशाला चाललाय ते कोल्हापुरात ओळखता येतं. भडंगाची पुडी, चटणीचा डबा आणि चपलांचं खोकं असेल, तर पोराकडे किंवा पाहुण्यांकडे. सुतळीनं बांधलेली जाडजूड फाईल असेल, तर मंत्रालय नाहीतर हायकोर्ट. माझ्या मामांची पिशवी दुसऱ्या जातीची. हिश्शाच्या जमिनीचा दावा अपिलात गेला आणि पुढची कित्येक वर्षं मामा रात्री गाडीत बसायचे, सकाळी सीएसएमटीला उतरून स्टेशनातच तोंड धुवायचे, चालत फोर्टात जायचे, दुपारपर्यंत बाकावर बसायचे आणि पुढची तारीख घेऊन परत यायचे. 'काय झालं?' असं विचारायचं घरात सगळ्यांनी हळूहळू सोडून दिलं होतं.

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं पीठ, कोल्हापुरात बसू लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत चालतात. चाळीसेक वर्षं वकिलांनी मोर्चे काढले, कामकाजावर बहिष्कार टाकला, कृती समित्या नेमल्या आणि मोडल्या. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत 'कोल्हापूरला खंडपीठ मिळालं' अशा थाटाच्या बातम्या आल्या. इथल्या जुन्या माणसांना मात्र त्यातला 'मिळालं' हा शब्द खटकला. त्यांच्या हिशेबानं ते परत आलं. करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानाचं स्वतःचं हायकोर्ट होतं आणि ते विलीनीकरणात गेलं, हे त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही. महाराष्ट्र नावाच्या एवढ्या मोठ्या राज्यात कोल्हापूर कुठं बसतं हे समजून घ्यायचं, तर सुरुवात या रुसव्यापासूनच करावी लागते.

रुसव्याला आधार आहे. सातारच्या आणि कोल्हापूरच्या गाद्यांचा वाद 1731 च्या वारणेच्या तहानं मिटला. वारणा-कृष्णेच्या दक्षिणेचा, थेट तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख कोल्हापूरकडे आला. कागदावर आला म्हणू, कारण प्रत्यक्षात तो सगळा कधीच हाती राहिला नाही. पण वारणेची ती रेघ इतकी पक्की बसली, की आजही सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची हद्द बऱ्याच अंतरापर्यंत त्याच नदीतून जाते.

संस्थान इंग्रजांच्या छायेत होतं, रेसिडेन्सी डोक्यावर बसलेली होती. तरीही रोजचा कारभार इथूनच चालायचा. स्वतःचं गॅझेट, स्वतःचे पेटे आणि महाल, स्वतःची कोर्टं. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांतल्या निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्या वेळी महाराज स्वतः विलायतेत होते आणि हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात छापून आला. त्याचं सामाजिक मोल सगळे सांगतात. मला त्यातली कारभाराची बाजू जास्त भावते. हुकूम कुणाच्या परवानगीसाठी मुंबईला गेला नाही. 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड होता. 1918 ला कुलकर्णी वतनं गेली आणि गावात पगारी तलाठी आला. एका माणसाचा निर्णय आणि तो राबवायला चार पावलांवरची कचेरी, अशी ती व्यवस्था होती. लोकशाही नव्हती, हे विसरायचं कारण नाही. प्रजेला हक्क मिळावेत म्हणून माधवराव बागल, रत्नाप्पाण्णा कुंभार आणि प्रजा परिषदेच्या लोकांना पुढं त्याच दरबाराशी भांडावं लागलं. पण सरकार हाकेच्या अंतरावर असावं ही सवय लागली ती लागलीच.

दक्षिणेतली बहुतेक मराठी संस्थानं 8 मार्च 1948 ला मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर मागं राहिलं. गांधीहत्येनंतर शहरात जाळपोळ झाली, त्यानंतर केंद्रानं प्रशासक बसवला आणि 1 मार्च 1949 ला संस्थानही गेलं. राजधानीचं शहर एका रात्रीत जिल्ह्याचं ठिकाण झालं. हद्दीही नव्यानं कापल्या. रायबाग आणि कटकोळ हे संस्थानाचे तुटक भाग बेळगाव जिल्ह्याला जोडले गेले. सोयीच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं, कारण ते मूळ मुलखापासून लांब पडले होते आणि दोन्ही जिल्हे एकाच प्रांतात होते. सात वर्षांत या 'सोयी'ची हद्द राज्याची हद्द होणार आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नसावं.

त्या वेळचा मुंबई प्रांत म्हणजे गुजरातपासून कारवारपर्यंतचा खटाला. गुजराती, मराठी, कन्नड अशी तीन भाषांची माणसं एका विधानसभेत. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना कायदा अंमलात आला तेव्हा या खटाल्यातून बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार म्हैसूर राज्यात गेले. सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा, विदर्भ आत आले आणि क्षेत्रफळानं देशातलं सगळ्यांत मोठं द्विभाषिक मुंबई राज्य उभं राहिलं. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, माणूस कराडचा. कोल्हापूरला या वाटणीत चंदगड मिळालं. बेळगाव जिल्हा पलीकडे गेला, त्यातला हा एक तालुका तेवढा अलीकडे ठेवला. चंदगडकराचा बाजार, दवाखाना आणि सोयरीक बेळगावला, कलेक्टर मात्र शंभरावर किलोमीटर लांब कोल्हापूरला. नकाशावर रेघ मारणाऱ्याला एसटीनं जावं लागत नाही.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ कोल्हापुरात जोरात होती, यात नवल नाही. शेतकरी कामगार पक्षाची इथं मुळं होती, बागलांसारखी माणसं पुढं होती. 1957 च्या निवडणुकीत समितीनं पश्चिम महाराष्ट्र जवळजवळ धुऊन नेला, खुद्द यशवंतराव कराडातून कसेबसे तरले. 1 मे 1960 ला 26 जिल्ह्यांचं आणि चार महसुली विभागांचं महाराष्ट्र राज्य झालं. आज जिल्हे 36 आणि विभाग सहा आहेत. कोल्हापूर तेव्हाही पुणे विभागात होतं, आजही आहे.

पण हे राज्य एकसंध नव्हतं. एकाच भाषेचे, तरी तीन वेगवेगळ्या घरांतून आलेले भाऊ एका छपराखाली राहायला यावेत तसं झालं. मराठवाडा निजामाकडून आला. विदर्भाला मध्य प्रांताची मालगुजारी आणि नागपूर ही राजधानी, अशी दोन्हींची सवय. आम्ही मुंबई प्रांताच्या रयतवारीत वाढलेले, मध्येमध्ये संस्थानांची ठिगळं. तेव्हा एकत्र यायच्या आधीच बोलणी झाली. 28 सप्टेंबर 1953 ला नागपूर करार झाला. वर्षातून एक अधिवेशन नागपूरला, उच्च न्यायालयाचं खंडपीठ नागपूरला, नोकऱ्यांत आणि खर्चात वाटा, हे सगळं त्यात लिहून घेतलं. नागपूरला खंडपीठ 1956 लाच बसलं. औरंगाबादला 1981 मध्ये फिरतं बेंच आलं, ते सर्वोच्च न्यायालयात टिकलं आणि पुढं कायम झालं.

कोल्हापूरसाठी असा करार कुणी केला नाही. करायची गरजच वाटली नाही, असं माझं मत. सत्ता पश्चिम महाराष्ट्राकडे आहे, म्हणजे आपल्याकडेच आहे, असा सरसकट समज होता. आतून बघितलं तर सत्ता कराड, बारामती, सांगली, अकलूज, नगर अशी फिरत राहिली. कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस आजपर्यंत एकदाही मुख्यमंत्री झालेला नाही. वैदर्भीयांच्या लेखी आम्ही त्यांच्या विकासाचा राहिलेला वाटा, म्हणजे अनुशेष, खाणारे, आणि आम्ही आमच्या लेखी विसरलेले. 1994 ला तीन वैधानिक विकास मंडळं झाली, त्यांची नावंच बघा: विदर्भ, मराठवाडा आणि 'उर्वरित महाराष्ट्र'. ताराराणींची गादी, शाहूंची नगरी, आणि सरकारी कागदावर आम्ही उर्वरित!

मग या जिल्ह्यानं सरकारला पर्याय काय शोधला? साखर कारखाना, जिल्हा परिषद आणि दूध संघ. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या. शाळा, दवाखाने, रस्ते, शेती, एवढं सगळं एकदम गावाकडच्या पुढाऱ्यांच्या हातात आलं. त्याच सुमारास तात्यासाहेब कोऱ्यांनी वारणेचा माळ फुलवला, रत्नाप्पाण्णांचा पंचगंगा कारखाना इचलकरंजीत धुराडं ओढू लागला, 1963 ला गोकुळ दूध संघ आला, त्याच्या आदल्या वर्षी शिवाजी विद्यापीठ. सरकारचं भागभांडवल, सरकारची हमी, पण चेअरमन आपला. नोकरी, बियाणं, पोराचं इंजिनिअरिंग, लग्नाला साखर, सगळं तिथून.

इथलं राजकारण कळायचं असेल तर विधानसभेच्या गॅलरीत बसू नका, एखाद्या संस्थेच्या वार्षिक सभेला जा. मांडवात सभासद सकाळीच जागा धरून बसलेले असतात. पुढच्या ओळी कुणाच्या गटाच्या, हे टोप्यांवरून आणि आवाजावरून कळतं. कार्यकारी संचालक विषयपत्रिका वाचायला लागतो. पहिला विषय पुरा व्हायच्या आत पुढून 'मंजूऽऽर' आणि मागून 'नामंजूऽऽर' असा गलका उठतो. माईक हिसकावला जातो, कुणीतरी अहवालाचं पुस्तक भिरकावतो आणि पंधरा-वीस मिनिटांत राष्ट्रगीत होतं. सगळे विषय मंजूर. बाहेर आलं की दोन्हीकडचे लोक एकाच टपरीवर चहा पितात. पक्ष कुठला, असा प्रश्न इथं कुणी फारसा विचारत नाही. गट कुठला, असं विचारतात. पक्ष मुंबईत फुटतो-जुळतो, गट आजोबापासून नातवाकडे जातो. जिल्ह्यातले विधानसभेचे दहा आणि लोकसभेचे दोन मतदारसंघ याच गटांच्या हिशेबानं हलतात. ऊसदराची आंदोलनं पेटली आणि जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत आकडा ठरू लागला, तेव्हा या चेअरमनशाहीला पहिल्यांदा जोरदार धक्का बसला. तोही आतूनच आला, उसाच्या फडातून.

सीमेचा प्रश्न मात्र कुठल्याच गटाच्या हातातला नव्हता. कागलच्या पुढं दूधगंगा ओलांडली की पाटीवरची लिपी बदलते, निपाणीच्या बाजारात भाषा तीच राहते. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर 1966 ला या वादाचा निवाडा करायला महाजन आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल 1967 ला आला. काही गावं इकडं, काही तिकडं आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच. महाराष्ट्रानं तो फेटाळला. 2004 ला महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला आणि दावा अजून चालू आहे. कर्नाटकानं दरम्यान बेळगावात सुवर्णसौध हे दुसरं विधानभवन उभारलं, 2012 ला त्याचं उद्घाटन झालं आणि विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन तिथं भरू लागलं. एन. डी. पाटील सरांसारखी माणसं कोल्हापुरात राहून हयातभर हा प्रश्न लावून धरत राहिली. राज्यातल्या इतर भागांत मात्र सीमाप्रश्न निवडणुकीच्या भाषणात एक वाक्य म्हणून येतो आणि जातो. मुंबईहून बेळगाव लांब दिसतं. इथून दोन-अडीच तासांत बस पोचते.

आता पुन्हा त्या बेंचकडे. ते कुठल्या कायद्यानं आलं? 1956 च्या त्याच राज्य पुनर्रचना कायद्यानं. ज्या कायद्यानं बेळगाव नेलं आणि चंदगड दिलं, त्याच्याच 51 व्या कलमात उच्च न्यायालय कुठं बसेल हे लिहिलेलं आहे. या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाखाली मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीनं दुसऱ्या ठिकाणी न्यायमूर्ती बसवू शकतात. कोल्हापूरचं बेंच हे असं. दुसऱ्या पोटकलमाखाली राष्ट्रपतींच्या आदेशानं कायमचं खंडपीठ होतं. औरंगाबादही आधी तिसऱ्यातून आलं आणि मग दुसऱ्यात गेलं. त्यामुळं इथले वकील पेढे वाटतानाही 'सर्किट' या शब्दावर अडखळत होते. शेंडा पार्कातल्या नव्या इमारतीची चर्चा चालू आहे, आणि त्याहून जास्त चर्चा 'कायम' हा शब्द कधी लागणार याची.

मामा आता नाहीत. दावा आहे. मामेभावानं परवा ती फाईल ट्रंकेतून काढली, सुतळी बदलली आणि मोटारसायकलच्या डिकीत घातली. भवानी मंडपाजवळ गाडी लावायला जागा मिळेना म्हणून त्याला अर्धा तास उशीर झाला. पुढची तारीख मिळाली.