सच्छिद्रता वेगळी, पारगम्यता वेगळी

नागपुरात घराच्या कामात शोषखड्ड्याचा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवण्याच्या खड्ड्याचा, विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "काळी माती आहे, पाणी पिते, खड्डा खणून टाका." काळी माती पाणी पिते हे खरंच आहे. पण प्यालेलं पाणी ती खाली जाऊ देते का, हा प्रश्न वेगळा. मातीत पाण्याला जागा किती, ती सच्छिद्रता. त्या जागेतून पाणी किती वेगाने पुढे सरकतं, ती पारगम्यता. शेतकरी तिला निचरा म्हणतात.

कन्हान नदीची रेती घ्या. तिच्या कणांमधली पोकळी साधारण 35 ते 40 टक्के. काळ्या मातीत ती बहुधा 50 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पाणी जास्त मावतं काळ्या मातीतच. तरी रेतीवर ओतलेलं पाणी बघता बघता खाली जातं आणि ओल्या काळ्या मातीवरचं तसंच उभं राहतं. फरक एकेका छिद्राच्या रुंदीचा आहे. नळीची त्रिज्या निम्मी केली, तर तेवढ्याच दाबाखाली प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. चिकणमातीचे कण 0.002 मिलिमीटरपेक्षा बारीक असतात, मग त्यांच्यामधल्या वाटा किती अरुंद असतील! त्यातही बरंच पाणी कणांनाच चिकटून बसतं.

1856 साली फ्रान्समधल्या हेन्री डार्सी या इंजिनिअरने रेतीतून पाणी सोडून केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष छापले. पाण्याच्या पातळीतला फरक वाढला की त्याच प्रमाणात प्रवाह वाढतो, आणि किती वाढतो हे ज्या-त्या मातीच्या गुणांकावर ठरतं. जाड रेतीत हा गुणांक सेकंदाला 0.01 सेंटिमीटरच्या घरात असतो, घट्ट चिकणमातीत त्याच्या लाखाव्या हिश्श्यापर्यंत खाली येतो. तेवढंच पाणी तेवढ्याच दाबाखाली जाऊ द्यायला रेतीला जिथे 100 सेकंद लागतात, तिथे अशा चिकणमातीला जवळजवळ चार महिने.

आपली काळी माती मात्र या दोन टोकांमध्ये ऋतूप्रमाणे फिरते, आणि फसगत इथेच होते. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्यांतून सरळ खाली उतरतं. मग मातीतलं स्मेक्टाइट हे खनिज पाणी घेऊन फुगतं, भेगा मिटतात आणि जुलैत त्याच वावरात पाणी तुंबतं. आमच्या अंगणातला खड्डा असाच मे महिन्यात तपासला होता. दोन बादल्या पाणी ओतलं, तासाभरात गडप. जुलैत तोच खड्डा आठ-आठ दिवस भरलेला, वर डासांचा थवा. शेवटी काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत खणलं, तेव्हा पाणी हललं. हा मुरूम म्हणजे झिजलेला बेसाल्ट, त्याच्या फटींतून पाण्याला वाट मिळते. नागपूरच्या पूर्वेकडे खडकच बदलतो, त्यामुळे तिथे हाच हिशेब धरू नये.

माणसाच्या हातानेही निचरा बदलतो. वाफसा यायच्या आत, म्हणजे जमीन पुरेशी सुकायच्या आधी, ट्रॅक्टर घातला तर मोठी छिद्रं दबतात. एकूण पोकळी थोडीच कमी होते, पण पाण्याची वाट जवळजवळ बंद. मातीत सोडियम वाढलं तर कण सुटे होऊन छिद्रांत अडकतात. अशा चोपण जमिनीत जिप्सम टाकतात, कारण त्यातलं कॅल्शियम कणांना पुन्हा एकत्र बांधतं. शेणखत आणि गांडुळं पाण्याला नवीन वाटा करून देतात. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराला हे सांगावं लागत नाही. मुळाशी पाणी साचलं की झाडाला डिंक्या रोग येतो, म्हणून तो जमिनीचा निचरा आधी बघतो.

शोषखड्डा करायचाच असेल तर चाचणीचा खड्डा आदल्या दिवशी भरून रात्रभर भिजू द्या. सकाळी पुन्हा भरा, काठीवर खूण करा आणि तासाला पातळी किती उतरली ते मोजा. मातीचा पावसाळ्यातला वेग कळेल तो याच दुसऱ्या भरण्यात.